सायीचा पांढरा आणि खाडीची ओल

पावसाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांना कुबट वास येऊ लागतो. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: घर पांढरं हवं, पण दवाखान्यासारखं नको. साय, मोती, हस्तिदंत अशा जातीचा पांढरा हवा. आणि तो चार महिने टिकायलाही हवा. प्रश्न थोडे आटोपशीर करून घेतले आहेत.

प्रश्न (नेरुळ): आमची इमारत तीसेक वर्षांची, फ्लॅट खाडीच्या बाजूला. दोन वर्षांपूर्वी हॉलला मोतिया रंग दिला. यंदा जुलैत पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीखाली पिवळट डाग आले, मग पोपडे निघाले, आता पांढरी पूड झडते. पेंटर म्हणतो, वॉटरप्रूफ पुट्टी मारून देतो, दोन दिवसांचं काम. मारू द्यावी का?

उत्तर: नाही, निदान आत्ता तरी नाही. ती पूड म्हणजे लोणा. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्यात विरघळतात, पाणी भिंतीतून आत सरकतं, आतल्या बाजूने सुकतं आणि क्षार मागे राहून रंगाच्या पापुद्र्याखाली त्यांचे खडे बनतात. पोपडा वर उचलतात ते हे खडे. म्हणजे पाणी बाहेरून येतंय आणि अजून येतंय. त्यावर आतून पक्का थर दिला की पाण्याची सुकायची जागा बंद होते, ते बाजूला सरकतं आणि पुढच्या जुलैत दोन फूट पलीकडे तोंड काढतं. बोल मात्र रंगाला लागतो.

आधी खात्री करा. पोपडे खरवडून दीड फूट बाय दीड फूट जाड प्लॅस्टिकचा कागद चारही कडांना टेप लावून भिंतीवर एक दिवस बंद ठेवा. भिंतीच्या बाजूने थेंब जमले तर ओल भिंतीतली आहे. खोलीच्या बाजूने जमले तर ती हवेतली वाफ आहे, आणि तिचा इलाज वेगळा.

डाग खिडकीखाली आहेत, म्हणून पहिला संशय खिडकीवरच. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. ती धूळ, कबुतराची पिसं आणि जुन्या रंगाने बुजतात. वाऱ्याच्या पावसात ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या कडेवरून थेट भिंतीत उतरतं. ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. मिनिटाभरात ते बाहेर गेलं नाही तर भोकं तारेने मोकळी करा. अनेक घरांत खर्च इथेच थांबतो.

त्यानंतर चौकट आणि भिंत यांमधला बाहेरचा सांधा. जुनं सिलिकॉन कडक होऊन एका बाजूने सुटलेलं असतं. त्यावरच नवं भरलं तर तेही जुन्यासोबत सुटतं. ब्लेडने सगळं कापून काढायचं, सांधा कोरडा पुसायचा आणि न्यूट्रल क्युअर सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरायचं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही. बाहेरच्या खिडकीपट्टीचा उतार बाहेर आहे ना, आणि तिच्या खालच्या अंगाला पाणी तुटायला खाच आहे ना, हेही पाहा. खाच नसेल तर पाणी पट्टीच्या पोटाला चिकटून परत भिंतीकडे येतं. एसीच्या पाइपचं भोक आतल्या बाजूला उतरतं असेल तर तीही गळतीची आयती वाट.

बाहेरच्या भेगा मात्र संस्थेने बुजवायच्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतींची गळती संस्थेच्या खर्चात येते, न्हाणीघर आणि मोरीची आतली गळती सभासदाच्या. सचिवांना लेखी अर्ज द्या, फोटो जोडा. सोबत हेही विचारा की शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ते व्हायला हवं. भेग नुसती रंगाने झाकत नाहीत. ती व्ही आकारात ५-६ मिमी उघडायची, धूळ काढायची, पॉलिमर मॉर्टर भरायचं आणि वर ताण सोसणाऱ्या इलॅस्टोमेरिक रंगाचे दोन हात.

पाणी थांबलं की मग आतली भिंत. लोणा ओल्या फडक्याने पुसू नका. क्षार पुन्हा विरघळून आत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, खाली कागद धरून पूड गोळा करून फेका, आठवड्याने पुन्हा झाडा, असं तीन-चार वेळा. नख लावल्यावर प्लास्टर भुसभुशीत लागलं तर ओलीच्या कडेपासून फूटभर पुढेपर्यंत ते तोडा. नवं प्लास्टर १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला सुमारे २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव. सात दिवस पाणी मारायचं, मग सुकू द्यायचं. प्लास्टर साधारण दिवसाला एक मिलिमीटर सुकतं, म्हणजे इंचभर जाडीला महिना. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत उघडी राहू द्या, पुट्टी आणि रंग डिसेंबरात. तोवर पाहुण्यांना उघडी भिंत दिसेल. दिसू द्या.

प्रश्न (ठाणे, घोडबंदर रोड): नव्या फ्लॅटला क्रीमकडे झुकणारा पांढरा निवडला होता. शेडकार्डवर छान होता. भिंतीवर दिवसा करडा दिसतो आणि रात्री ट्यूबखाली चक्क हिरवट. पेंटरने भलताच डबा आणला का?

उत्तर: डबा बहुधा बरोबर आहे. डब्याच्या झाकणावरच्या स्टिकरवर शेडचा नंबर असतो, तो कार्डाशी ताडून पाहा आणि पेंटरला या आरोपातून सोडवा.

ऑफ-व्हाइटच्या प्रत्येक शेडमध्ये थेंबभर दुसरा रंग असतो: पिवळा, तांबूस, करडा किंवा हिरवट. दीड इंचाच्या तुकड्यावर तो कळत नाही, चारशे चौरस फुटांवर लपत नाही. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात दिवसाचा उजेड ढगांतून गाळून निळसर-करडा येतो. खिडकीसमोर झाडं असतील तर तो हिरवा होऊन येतो, आणि समोरच्या इमारतीला दुरुस्तीची हिरवी जाळी लागली असेल तर बोलायलाच नको. करड्या झाकेचा पांढरा अशा उजेडात मरगळतो. पिवळ्या किंवा किंचित तांबूस झाकेचा तग धरतो.

रात्रीचा दोष दिव्याचा आहे. आपल्या घरांतल्या बहुतेक ट्यूब आणि बल्ब ६५०० केल्विनचे असतात (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा मोठा तसा उजेड निळसर), खोक्यावर 'कूल डे लाइट' लिहिलेलं असतं. त्या निळसर उजेडात पिवळी झाक हिरवट दिसते. रंग बदलण्याआधी दिवे बदला. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० किंवा ३००० केल्विन, स्वयंपाकघरात ओट्यावर ४०००. खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडा असतो, तो ९० च्या आसपास असेल तर उत्तम, ८० च्या खाली नको. एकाच खोलीत दोन जातींचा उजेड ठेवू नका. फॉल्स सीलिंगमध्ये पिवळा आणि मधोमध पांढरी ट्यूब असेल तर एकच भिंत दोन रंगांची दिसते.

'पिवळ्या बल्बने अंधारी वाटतं' ही तक्रार नेहमीची. तिचं कारण बल्बचा रंग नसून बल्ब कमी असणं हे असतं. ११ बाय १६ फुटांच्या हॉलला सर्वसाधारण वापरासाठी ३००० ते ३५०० लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) लागतात. ९ वॅटचा एलईडी सुमारे ९०० लुमेन देतो. म्हणजे असे चार. तेही सगळे छतात न टाकता दोन भिंतीलगत किंवा उभ्या दिव्यात टाकले तर उजेड भिंतीवर पडतो आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो रंग दिसतो.

पुढच्या खोलीसाठी शेड निवडताना दोन फूट बाय दोन फूट हार्डबोर्डवर प्रायमर देऊन दोन हात मारा. तो तुकडा सकाळी खिडकीजवळ, दुपारी समोरच्या भिंतीला आणि रात्री दिव्याखाली उभा करून पाहा. फरशीला टेकवूनही पाहा, कारण निळसर पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइलशेजारी क्रीम रंग मळका वाटतो. छताला दुकानातला नुसता ब्राइट व्हाइट देऊ नका. त्याच शेडचा निम्म्या ताकदीचा रंग दुकानातल्या टिंटिंग मशीनवर, म्हणजे शेड कालवून देणाऱ्या यंत्रावर, करून मिळतो. आणि एका खोलीचे सगळे डबे उघडून मोठ्या बादलीत एकत्र करा. वेगवेगळ्या बॅचचा फरक भिंतीच्या मधोमध उमटला की पुसता येत नाही.

एक जुनी गंमत इथे आठवते. चुना पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात नीळ घालायची पद्धत होती, आणि ऊन उतरल्यासारखा पांढरा हवा असेल तर चिमूटभर पिवडी, म्हणजे पिवळी माती. आजचं टिंटिंग मशीन हाच हिशेब मिलिलिटरमध्ये करतं.

प्रश्न (कळवा): गणपती आमच्याकडे बसतो. श्रावणात दहा बाय बाराच्या खोलीला रंग काढावा म्हणते. सामान किती लागेल? आणि देवघरामागची भिंत काळवंडते, तिचं काय करू?

उत्तर: श्रावण हा रंगाला सगळ्यांत वाईट महिना, आणि आपल्याकडे रंगारी मिळणं सगळ्यांत अवघड असतं तेही त्याच महिन्यात. इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, पाणी उडून सुकतं. हवेत ८५ टक्क्यांवर आर्द्रता असली की पाणी उडत नाही, पापुद्रा मऊ राहतो, वर दुसरा हात दिला की ओल आत कोंडते. कधी ओघळासारखे चिकट तपकिरी पट्टे उतरतात. तो रंगातला साबणासारखा घटक असतो, तो हलक्या हाताने पाण्याने पुसला जातो. घाबरू नका.

करायचंच असेल तर बाहेरच्या भिंती सोडा, फक्त आतल्या भिंती आणि छत घ्या. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आणा. पाऊस कोसळत असताना खिडक्या बंद, पंखा आणि एसी ड्राय मोडवर. डब्यावर चार तास लिहिलं असेल तर दोन हातांमध्ये पूर्ण दिवस द्या. दाराच्या ऑइलपेंटला या दिवसांत हात लावू नका. तो दमट हवेत धुरकट होतो, आणि पांढरा ऑइलपेंट कमी उजेडात पुढे पिवळा पडतोच. शेवटचा हात आणि मखर यांत किमान आठवडा ठेवा. तरीही माळा सेलोटेपने चिकटवू नका. इमल्शन पुरतं कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात, टेप काढताना पापुद्रा सोबत येतो.

सामानाचा हिशेब असा. साडेनऊ फूट उंची धरली तर चार भिंती ४१८ चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ३७५. नव्या किंवा पुरत्या खरवडलेल्या भिंतीला पुट्टीच्या दोन हातांना सुमारे ३० किलो, म्हणजे ४० किलोची एक गोणी. प्रायमर ३ लिटर, इमल्शन दोन हातांना ४ लिटर, छताला वेगळं सव्वा लिटर. जुना रंग घट्ट असेल तर फक्त खड्ड्यांपुरती पाचेक किलो पुट्टी पुरते. पुट्टी एकदम कालवू नका, दोन-तीन तासांत संपेल एवढीच. घट्ट झालेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती पसरवली की पुढे भुकटी होऊन सुटते. पेंटर हे हमखास करतात, बादलीवर लक्ष ठेवा. डिस्टेंपर स्वस्त पडतं, पण दमट भिंतीवर हाताला लागतं. इथे घेऊ नका.

देवघरामागे समई-निरांजनाची काजळी बसते, ती तेलकट असते. तिथे मॅट रंग दिला तर पुसताना काजळी आत चोळली जाते. ज्योतीच्या वर दोन फुटांपर्यंत क्रीम रंगाची टाइल किंवा संगमरवराची फळी लावा, उरलेल्या भिंतीला किंचित चमक असलेलं साटिन फिनिश. वात बारीक ठेवली तर काजळी कमी धरते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

प्रश्न (ऐरोली): पांढऱ्या लॅमिनेटचं कपाट केलं. दोन पावसाळ्यांत दारं फुगली, बिजागऱ्या गंजल्या, आतल्या कपड्यांना भुरी लागते. सुतार म्हणतो, खाडीची खारी हवा आहे, उपाय नाही. खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं आहे. खारी हवा मुख्यतः फुटणाऱ्या लाटांच्या तुषारांतून येते. ठाण्याच्या खाडीत तशा लाटा नाहीत, त्यामुळे उघड्या समुद्रासमोरच्या घरांइतका मीठमारा ऐरोलीत होत नाही. तुमचा शत्रू साधा दमटपणा आहे, आणि त्याला वाट सुताराने ठेवली आहे.

कपाटाच्या दाराची खालची कड पाहा, बोट फिरवा. पट्टी नसेल, कच्चं लाकूड लागेल. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ कडेतूनच पाणी पितात. फुगलेली दारं सुकल्यावरही सपाट होत नाहीत, ती बदलावी लागतील. नवीन करताना प्लायवर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) छापलेलं असावं, सिंकखाली आणि न्हाणीघराजवळ आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय. लॅमिनेट दोन्ही अंगांना हवं. एकाच बाजूला लावलं तर उघडी बाजू ओल ओढते आणि दार वाकतं. चारही कडांना पट्टी, बिजागरीसाठी पाडलेल्या भोकातही सीलर. बिजागऱ्या आणि स्क्रू ३०४ स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंडी स्क्रू पांढऱ्या रंगाखालून तपकिरी ठिपके काढतात. फॉल्स सीलिंगवर दिसणारे रांगेतले ठिपके बहुधा हेच.

कपाट बाहेरच्या भिंतीला घट्ट लावलेलं असेल तर भुरी येणारच. मागे दोन इंच हवा ठेवा, खाली पाय द्या, दाराला वर-खाली जाळी. आतून फिकट लॅमिनेट असलं तर बुरशी वेळेत दिसते. आलेली भुरी काढायला एक भाग घरगुती ब्लीच आणि तीन भाग पाणी, पंधरा मिनिटं ठेवून पुसून कोरडं करायचं, खिडकी उघडी आणि हातमोजे घालून. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

आणखी एक. घर नाल्याजवळ असेल तर तिथला कुजका वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तांबं आणि चांदी काळी करतो. चांदीची भांडी पुसून आठवड्यात काळवंडत असतील तर नवा एसी घेताना कॉइलवर संरक्षक थर आहे का, हे विचारून घ्या.

प्रश्न (खारघर): पांढऱ्या पडद्यांवर दर पावसाळ्यात काळे ठिपके पडतात. वॉर्म व्हाइट पडदे घ्यायचेच नाहीत का?

उत्तर: घ्या, मांजरपाटाचे घ्या. ब्लीच न केलेल्या कापसाचा रंगच मुळात साईसारखा असतो, वर रंग चढवावा लागत नाही. पण शिवायच्या आधी कापड गरम पाण्यात दोनदा धुवा. कोऱ्या मांजरपाटात भरपूर खळ असते, आणि खळ म्हणजे बुरशीचं आयतं जेवण. काळे ठिपके बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून दहा टक्के जास्त घ्या. त्याच कारणासाठी पडद्यांना स्टार्च करू नका. खालची कड फरशीपासून इंचभर वर ठेवा आणि पावसाळ्यात पडदा खिडकीच्या काचेला टेकू देऊ नका. वाऱ्यावर ओले होणाऱ्या खिडकीला पॉलिएस्टरचा पातळ ऑफ-व्हाइट पडदा बरा. दिसायला तेवढा देखणा नाही, पण सुकतो.

प्रश्न (वाशी): कपाटात कापूर, डांबरगोळ्या, मिठाची वाटी यांनी ओल जाते का?

उत्तर: कापूर आणि डांबरगोळ्या किड्यांसाठी. ओलीवर त्यांचा काहीही परिणाम नाही. मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी सुटून ओलं होतं, त्याखाली ते काहीच ओढत नाही. म्हणजे वाटीतलं मीठ पाझरू लागलं तर कपाट किती दमट आहे ते कळतं, एवढाच त्याचा उपयोग. बंद कपाटासाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात. ते खालच्या कप्प्यात, ताटलीत आणि बिजागरीपासून लांब ठेवा, कारण त्यात जमलेलं पाणी सांडलं तर लोखंड झपाट्याने गंजतं. डबा अर्धा भरला की ओतून द्या.